नवरंग आलाय, आता काय करायचं?

मे महिना सरत येतो, नवतपा अंगाची लाही करत असतो आणि नेमकं तेव्हाच गोंदिया जिल्ह्यातून तेच ते प्रश्न यायला लागतात. 'रात्री घरात रंगीत खंड्या शिरला, त्याची शेपूट तुटली आहे, काय खायला घालू?' 'नाल्याकाठी संध्याकाळी कोणीतरी शीळ घालतं, पावशा म्हणायचा का?' 'आमच्या धुऱ्याजवळच्या झाडात पाल्याचा गोळा दिसतोय, नागपूरचे पाहुणे फोटो काढायला येऊ का म्हणतात, येऊ द्यावं का?' प्रश्न निरनिराळे असले तरी पक्षी बहुतेक वेळा एकच निघतो: नवरंग.

वाघ किंवा सारस बघायचा असेल तर कुठं जायचं हे सांगता येतं. नवरंगाचं तसं नाही. हिवाळा तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो, पावसाच्या तोंडावर मध्य भारतात येतो आणि जून ते ऑगस्ट या काळात घरटं करतो. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा गाभा पावसाळ्यात पर्यटनासाठी बंद असतो, साधारण जुलै ते सप्टेंबर. म्हणजे याचा संसार ऐन भरात असतो तेव्हा जिप्सी गेटच्या बाहेर उभ्या. शिवाय त्याला प्रकल्पाची हद्द ठाऊक नाही. नाल्याकाठची गर्द झाडी, बांबूची बेटं, गावालगतचं झुडपी जंगल, मालगुजारी तलावाच्या पाळीमागची राई, जिथं सावली आणि कुजलेला पाला असेल तिथं तो उतरतो. त्याची गाठ पर्यटकापेक्षा तुमच्याशी, म्हणजे पऱ्हे टाकणाऱ्या शेतकऱ्याशी, तेंदूपत्ता तोडणाऱ्यांशी, शाळेत जाणाऱ्या पोरांशी जास्त पडते. त्यामुळे हा लेख मुख्यतः तुमच्यासाठी आहे, कॅमेरेवाल्यांसाठी थोडासाच.

आधी खात्री करा: नवरंगच आहे ना?

मैनेपेक्षा जरासा लहान, गुटगुटीत, पाय लांब आणि शेपूट जवळजवळ नाहीच. 'शेपूट तुटली' असं वाटतं ते त्यामुळं. ती मुळातच आखूड असते. पाठ हिरवी, छाती-पोट फिकट बदामी, खांद्यावर आणि शेपटीच्या मुळाशी चमकदार निळा डाग, गळा पांढरा. डोक्यावर मधोमध काळी पट्टी, डोळ्यातून मागं जाणारी दुसरी जाड काळी पट्टी आणि तिच्यावर पांढरी भुवई. पोटाचा खालचा भाग आणि शेपटीखालची जागा कुंकवासारखी लाल. उडताना पंखात पांढरा ठिपका लखकन दिसतो. नर-मादी सारखेच दिसतात, तेव्हा 'हा नर की मादी' या वादात वेळ घालवू नका.

गल्लत होते ती या पक्ष्यांशी:

- खंड्या: चोच लांब आणि लालभडक, डोकं व पोट तपकिरी. विजेच्या तारेवर, तलावाच्या खुंटावर बसतो. नवरंग तारेवर बसलेला दिसणं जवळपास अशक्य.
- नीलपंख (आपल्याकडे दसऱ्याला ज्याचं दर्शन घेतात तो नीलकंठ): उघड्या माळावरचा आणि बांधांवरचा पक्षी, आकारानं मोठा. गर्द झाडीत जमिनीवर पाला उलटत बसणारा हा नव्हे.
- स्वर्गीय नर्तक: हासुद्धा किडे खाणारा, सावलीचा आणि याच दिवसांत घरटं करणारा. नराच्या शेपटीला लांब फिती असतात. बाघ नदी ओलांडून बालाघाटकडे गेलात तर लोक याला दूधराज म्हणतात. तो मध्य प्रदेशचा राज्यपक्षी आहे. दोघं एकाच नाल्यात राहू शकतात, पण नर्तक फांदीवरून हवेतले किडे टिपतो, नवरंग जमिनीवर.

वागण्यावरून ओळखणं अधिक सोपं. नवरंग चालत नाही, टुणटुण उड्या मारत फिरतो. चोचीनं एकेक पान बाजूला सारतो, थांबतो, मान तिरपी करतो आणि झटकन खालची अळी किंवा गांडूळ ओढून काढतो. वाळवी, भुंगेरे, गोगलगायीही त्याला चालतात. मधूनमधून ती एवढीशी शेपूट सावकाश खालीवर हलत असते. चाहूल लागली की उडून लांब जात नाही, जवळच्याच आडव्या फांदीवर बसून राहतो, आणि मग तिथं आहे हे माहीत असूनही दिसत नाही.

दिसण्याआधी ऐकू येतो

नवरंगाची शीळ दोन सुरांची असते, पहिला चढता आणि दुसरा घसरता: 'व्हीऽट-ट्यू'. पहाटे आणि तिन्हीसांजेला, ठरल्या वेळी. तमिळनाडूत त्याचं एक नावच 'सहा वाजताचा पक्षी' अशा अर्थाचं आहे. आभाळ भरून आलं तर दुपारीही बोलतो. एकानं शीळ घातली की नाल्यापलीकडून दुसरा उत्तर देतो. शीळ घालताना तो झाडावर चढून बसतो, अंग ताणतो, मान मागं टाकतो. तेव्हा जमिनीवर शोधत बसू नका, मधल्या उंचीच्या फांद्या बघा.

पावशाची हाक तीन सुरांची, 'पेर्ते व्हा' अशी चढत जाणारी, आणि तो दिवसभर, रात्रीही ओरडतो. तेव्हा ही गल्लत दूर करायला एका संध्याकाळचं ऐकणं पुरे. खरी फसगत भृंगराज करतो. शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला गोंडे असलेला हा काळा पक्षी नागझिऱ्यात भरपूर आहे आणि दुसऱ्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. एकाच जागेहून एकामागून एक चार पक्ष्यांचे आवाज आले तर समजा, तो बोलतोय.

बघायचा असेल तर

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून गेट बंद होईपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. पक्षी नुकतेच आलेले असतात, हद्दीसाठी शीळ घालतात आणि झाडोरा अजून दाटलेला नसतो. चोरखमारा, मंगेझरी किंवा पिटेझरी गेटमधून सकाळची फेरी घ्या आणि गाइडला आधीच सांगून ठेवा की वाघामागे धावायचं नाही, सावलीच्या नाल्यापाशी गाडी बंद करून पंधरा मिनिटं थांबायचं. बहुतेक गाइडांना हे ऐकून बरंच वाटतं. गेट कोणत्या तारखेला बंद होणार, हे दरवर्षीच्या आदेशावर ठरतं. आरक्षण करण्यापूर्वी विचारून घ्या. पावसाळ्यात जायचंच असेल तर नवेगावबांध तलावाचा परिसर, सालेकसा तालुक्यातली हाजरा फॉलची वाट किंवा तुमच्याच गावची नाल्याकाठची झाडी हे पर्याय आहेत.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. नवरंग बोलतो त्याच वेळा अस्वलाच्या आणि वाघाच्या फिरण्याच्याही आहेत. या जिल्ह्यात प्रकल्पाबाहेरही वाघ फिरतो. तेव्हा:

- पहाटे किंवा तिन्हीसांजेला एकट्यानं झाडीत शिरू नका. सोबत गावातला, वाटा ठाऊक असलेला माणूस हवा.
- कानात इअरफोन नको. आवाज ऐकायला आला आहात, तो सगळा ऐका.
- वाकून, बसून पाल्यात डोकावू नका. पावसाळ्यात साप आणि विंचू त्याच पाल्यात असतात.
- राखीव वनात पायी शिरायला परवानगी लागते. 'पक्षीच तर बघतोय' हे कारण चालत नाही.

घरटं सापडलं तर

पालापाचोळा, गवत आणि काटक्या यांचा फुटबॉलएवढा ओबडधोबड गोळा आणि त्याला एका बाजूला गोल दार, असं हे घरटं असतं. कधी जमिनीवर, कधी ठेंगण्या झाडाच्या बेचक्यात. पुरात वाहून आलेला कचरा फांदीत अडकला असावा असंच वाटतं आणि तीच त्याची सुरक्षितता. आत चार-पाच पांढरी, चकचकीत, जांभळट ठिपक्यांची अंडी. पण ती बघायला जायचं नाही.

कारण सरळ आहे. तुम्ही घरट्यापर्यंत गेलात की गवत दबतं, वाट पडते, वास राहतो. त्या वाटेनं मुंगूस येतं, मांजर येतं. वरून कावळा आणि टकाचोर तुम्हाला बघतच असतात. माणूस कशापाशी थांबला हे त्यांना बरोबर कळतं. अंड्यांवर बसलेला पक्षी उठला आणि त्याच वेळी सर आली, तर अंडी गार पडतात. घरट्याला धोका फोटोपेक्षा तुमच्या पायवाटेचा अधिक.

मग काय करायचं?

1. दिसताक्षणी न थांबता पुढं चालत राहा. परत वळून त्याच वाटेनं जाऊ नका.
2. जागा फक्त ज्याला सांगणं भाग आहे त्यालाच सांगा: शेताचा मालक, गुराखी, वनरक्षक. व्हॉट्सॲपच्या गटावर नाही.
3. तिथं जेसीबीनं नाला खोल करायचा असेल, झाड तोडायचं असेल किंवा धुरा साफ करायचा असेल, तर काम पुढं ढकलता येतं का बघा. अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंतचा काळ साधारण महिनाभराचा. रोवणीच्या घाईत नाला खोलीकरण तसंही कुणी सुरू करत नाही, तेव्हा हे वाटतं तितकं अवघड नाही.
4. काम थांबवणं शक्य नसेल तर वनरक्षकाला आधी कळवा. घरटं उचलून दुसऱ्या झाडावर ठेवण्याचा उद्योग स्वतः करू नका.

घरट्यात शिरायचा प्रयत्न करणारा साप दिसला तर काय करावं, असं पुष्कळजण विचारतात. काही नाही. तोही तिथलाच.

कॅमेरा घेऊन येणाऱ्यांसाठी

मोबाइलवर नवरंगाची शीळ वाजवली की तो धावत येतो. तो खूश होऊन येत नाही. त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला आहे. जोडीदार अंड्यांवर असताना किंवा पिल्लं चाऱ्यासाठी वाट बघत असताना तो अर्धा तास त्या खोट्या शत्रूला हुसकावत राहतो. एका माणसानं एकदा वाजवलं तर कदाचित निभावेल, पण समाजमाध्यमांवर फोटो गेला की पुढच्या रविवारी आठ गाड्या येतात आणि प्रत्येकाचा मोबाइल वाजतो. विणीच्या काळात, म्हणजे आपल्याकडे जून ते ऑगस्ट, शीळ वाजवायची नाही, एवढा एकच नियम पाळलात तरी पुष्कळ आहे.

बाकी गोष्टी थोडक्यात. घरट्याचा फोटो नको. घरट्यासमोरच्या फांद्या 'नीट दिसावं म्हणून' छाटणं तर अजिबात नको. फ्लॅश नको. फोटो टाकलात तर जागा 'गोंदिया जिल्हा' एवढीच लिहा आणि मोबाइलमधली ठिकाणाची नोंद बंद करा. चारा म्हणून गांडुळं टाकून पक्षी उघड्यावर ओढण्याची पद्धत अलीकडे बोकाळली आहे. ती मांजरांना आणि कुत्र्यांनाही तितकीच सोयीची पडते.

घरात शिरलेला किंवा बाहेर निपचित पडलेला नवरंग

नवरंग रात्री स्थलांतर करतो. दिव्याला भुलून तो काचेवर आदळतो, उघड्या खिडकीतून आत येतो किंवा पहाटे अंगणात थकून बसलेला सापडतो. असे प्रसंग मे-जूनमध्ये आणि परतीच्या वेळी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जास्त घडतात. अशा वेळी अतिप्रेमानं पक्षी मरतात. पोरं भोवती जमतात, कुणी चोच उघडून पाणी ओततं (ते सरळ श्वासनळीत जातं), कुणी भात भरवतं, कुणी छातीशी धरून सेल्फी काढतं.

त्याऐवजी हे करा:

- पंखा बंद करा. हे सगळ्यात आधी; फिरत्या पंख्यात पक्षी जातात.
- खोलीतला दिवा मालवून एकच खिडकी उघडी ठेवा. बाहेर उजेड असेल आणि पक्षी धडधाकट असेल तर आपला आपण निघून जातो.
- निपचित असेल तर हलक्या सुती कापडानं झाकून उचला आणि बुटांच्या खोक्यासारख्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. झाकणाला भोकं पाडा, तळाशी कापड घाला. पिंजरा नको, तारांवर पिसं मोडतात.
- खोकं अंधाऱ्या, शांत, गार जागी ठेवा. खायला-प्यायला काही देऊ नका. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघू नका.
- एक-दोन तासांनी आत खुडबुड ऐकू आली तर खोकं जवळच्या सावलीच्या झाडीत न्या, जमिनीवर आडवं ठेवा, झाकण उघडा आणि मागं सरका. हवेत उडवून देऊ नका. हा जमिनीवरचा पक्षी आहे, त्याला आधी उड्या मारत पाल्यात शिरायचं असतं. रात्री सापडला असेल तर उजाडेपर्यंत थांबा.

पंख लोंबतोय, रक्त येतंय, एका पायावर उभा राहत नाही किंवा मांजरानं तोंडात धरला होता, यांपैकी काहीही असेल तर सोडू नका. मांजराच्या दाताची जखम बाहेरून दिसत नाही, पण तिनं जंतुसंसर्ग होतो आणि औषधाशिवाय पक्षी वाचत नाही. अशा वेळी वनविभागाच्या 'हॅलो फॉरेस्ट' सेवेला 1926 या क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात पक्षी खोक्यासकट पोहोचवा.

पिल्लू जमिनीवर दिसलं तर

नवरंगाची पिल्लं घरट्यातून बाहेर पडल्यावर काही दिवस नीट उडत नाहीत, पाल्यात उड्या मारत असतात. रंग मळकट, शेपूट नाही, अवतार केविलवाणा. उचलून घरी आणायचा मोह होतो. आणू नका; आई-बाप जवळच असतात आणि तुम्ही हलल्याशिवाय येत नाहीत. कुत्रं आसपास असेल तर कुत्र्याला बांधा, पिल्लाला नव्हे. अंगावर पिसंच नसतील तर मात्र ते घरट्यातून पडलेलं आहे. घरटं दिसत असेल तर अलगद परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, ही ऐकीव गोष्ट आहे. पक्षी वासावरून पिल्लू ओळखत नाहीत.

कायदा आणि तुमचे हक्क

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये 'शिकार' या शब्दात बंदूक किंवा गलोल चालवणं एवढंच येत नाही. पक्षी पकडणं, त्याची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हेही त्यातच मोडतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोरांच्या हातातल्या गलोलीबद्दल शाळेत एकदा बोलायला शिक्षकांना हे पुरेसं आहे. याच कायद्याच्या कलम 39 नुसार तुमच्या ताब्यात आलेल्या वन्यप्राण्याची माहिती 48 तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला द्यावी लागते. जखमी पक्षी एक रात्र खोक्यात ठेवून सकाळी कळवलंत तर घाबरण्याचं कारण नाही. 'बरा झाला की सोडू' म्हणून महिनाभर पिंजऱ्यात ठेवलात तर आहे.

दुसरी बाजू हक्कांची, आणि ती फार कमी लोकांना माहीत असते.

- तुमच्या शेतात कोणाला येऊ द्यायचं हे तुम्ही ठरवता. घरट्याच्या फोटोसाठी आलेल्याला, तो कितीही मोठा छायाचित्रकार असला तरी, नाही म्हणता येतं. पैसे देऊ केले तरीही.
- गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल, आणि गोंदिया जिल्ह्यात असा हक्क मिळालेली अनेक गावं आहेत, तर 2006 च्या वनहक्क कायद्यातलं कलम 5 वाचा. सामूहिक वनात कोणी, केव्हा यायचं याचं नियमन करणं आणि वन्यजीवांना बाधक असलेली कामं थांबवणं, असे निर्णय ग्रामसभा घेऊ शकते. 'जून ते ऑगस्ट अमुक नाल्यात बाहेरच्यांना फोटोसाठी प्रवेश नाही' असा ठराव करायला दोन ओळी पुरतात.
- ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि लोक जैवविविधता नोंदवहीसुद्धा. ती मागून बघा. नवरंग, स्वर्गीय नर्तक, भृंगराज ही नावं त्यात नसतील तर लिहून घ्यायला लावा.

या नोंदवहीसाठी जाणत्या माणसांना विचाराल तर बरंच निघेल. वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी इथल्या गोंड आणि ढिवर मंडळींकडचं रानज्ञान आदरानं टिपलं. ते ज्ञान सांगणारी माणसं गावोगाव अजून आहेत, फक्त विचारणारं कुणी नाही.

पुढच्या मे महिन्याआधी करण्यासारखं

मोहफुलं वेचताना बुडाखालचा पाला जाळायची सवय सुटली तर नवरंगाचं अर्धं काम झालं. मार्चमध्ये जळालेल्या जमिनीवर जूनमध्ये त्याला खायला काही उरत नाही. मोहाखाली जाळी किंवा जुनी साडी अंथरली की फुलं स्वच्छ मिळतात आणि वेचण्याचा त्रासही कमी होतो. नाल्याकाठची जांभूळ, करंज, बांबूची पट्टी रुंदीला थोडी राखा. अंगणातला सुका पाला पेटवण्याऐवजी कुंपणाकडेला लोटा. रात्रभर जळणारा अंगणातला प्रखर दिवा मे-जूनमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झोपण्यापूर्वी बंद करा.

आणि एका वहीत तारीख टाका: पहिली शीळ कधी ऐकली, शेवटची कधी, त्या आठवड्यात पाऊस होता का. मोबाइल वापरत असाल तर ई-बर्डवर हीच नोंद करता येते. जागा नेमकी न देता गावाच्या नावानं द्या. ऐकून ओळखलेल्या पक्ष्याची नोंदही तिथं चालते, दिसलाच पाहिजे असं नाही. ऑगस्ट संपत आला की शीळ तुटक होते आणि एक दिवस थांबते. त्यानंतरही तो काही आठवडे पाल्यात गुपचूप चरत असतो, म्हणून 'शेवटची शीळ' आणि 'शेवटचा दिसला' या दोन तारखा वेगळ्या लिहा.